तिसरी सही

"आधी तो स्पीकर बंद करा," बाई म्हणतात.

मांडवाच्या खांबाला टांगलेल्या स्पीकरवर सनई वाजते आहे. नवरीचा चुलतभाऊ वायर ओढतो. सनई थांबते आणि फाट्याचं पाणी ऐकू येऊ लागतं. उन्हाळी आवर्तन सुटलंय. नीरा उजव्या कालव्याचं पाणी नातेपुत्याच्या शिवारात आलंय आणि रात्रभर उसाला दारं धरलेली दोन माणसं पायांवर वाळलेल्या चिखलासकट तशीच येऊन बसली आहेत. मांडव म्हणजे दोन कडुलिंबांमध्ये ताणलेली हिरवी शेडनेट. खाली सतरंज्या. दक्षिणेला शंभू महादेवाची डोंगररांग मे महिन्याच्या उन्हात आत्ताच पांढुरकी पडली आहे.

पत्रिकेत वेळ दहाची होती आणि दहाला पाच कमी आहेत. पत्रिका म्हणजे मोबाइलवर पाठवलेलं एक पान. वरातीची गाडी नाही, फेटे बांधणारा नाही, आहेराची यादी वाचणारा माणूस नाही. चौरंगावर जोतीराव आणि सावित्रीबाईंची तसबीर, दोन हार, झेंडू-गुलाबाच्या पाकळ्यांनी भरलेली परडी. शेजारी खाकी कव्हर घातलेली दोनशेपानी वही. तिच्यावर बाईंचा हात आहे.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. नवरदेवाला त्यांनी पहिलीत पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवलं आहे. तो आता गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. नवरी अकलूजच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, आठवड्यातल्या काही रात्री तिची ड्यूटी असते. लग्न साधं करायचं हे तिनं ठरवलं. थोरल्या बहिणीच्या लग्नात बापानं पतसंस्थेतून काढलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. दरम्यान डाळिंबावर तेल्या आला आणि बाग काढून टाकावी लागली. ती बाग उपटताना धाकटीनं पाहिली आहे. म्हणून स्थळ बघायला आलेल्या पाव्हण्यांना तिनं स्वतः सांगितलं होतं: मांडव दारात, माणसं पन्नास, आणि कर्ज शून्य. तीन स्थळं तिथूनच परत गेली. चौथा हा.

या तालुक्यात असं बोलायला धाडस लागतं. अकलूजच्या एका लग्नातल्या लक्षभोजनाची गोष्ट इथली म्हातारी माणसं अजून सांगतात, आणि कौतुकानंच सांगतात. लग्न म्हणजे किती पानं उठली, हे माप पक्कं बसलेलं आहे. ते सक्तीनं मोडलं ते कोरोनाच्या साथीत. एप्रिल २०२१ मध्ये शासनानं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा दिली, मोडणाऱ्याला पन्नास हजारांचा दंड ठेवला. त्या दोन तासांत लागलेली लग्नं काही कमी टिकली नाहीत. पण निर्बंध उठले आणि डीजे परत आले. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या काळात निदान नवरा-नवरीचे चेहरे मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसत होते.

नवरीची आजी बाईंच्या कानाशी येते. "बाई, देवाचं कायच न्हाय व्हय ह्यात?"

बाई तिला शेजारी बसवून घेतात. "आजी, हळद लावलीत की काल. उद्या जोडीनं शिखर शिंगणापूरला जाऊ द्या. चैत्रात अष्टमीच्या रात्री शंभू महादेवाचं लग्न लागतं, तिथं कुणाला पत्रिका जाते का? ज्याला यायचं तो डोंगर चढून येतो. देवाचं लग्न असं, मग नातीचं असं झालं तर देव रागवंल का?"

आजी विचार करते. "आन् नारळ फोडला तर चालंल?"

"चालंल."

अशी माघार बाई आनंदानं घेतात. एका गोष्टीवर मात्र त्या हटत नाहीत. लग्नाआधी दोघांनी त्यांच्याकडे दोनदा यायचं, एकदा वेगवेगळं आणि एकदा मिळून, आणि वहीत लिहायचं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या 'जोडीदाराची विवेकी निवड' या शिबिरात त्यांनी तरुण पोरापोरींना पहिल्यांदा हे प्रश्न एकमेकांना विचारताना पाहिलं: पगार कुणाच्या खात्यावर, कर्ज किती, व्यसन काय, दुखणं काय, आईवडिलांपाशी राहायचं की वेगळं. तिथून आल्यावर त्यांनी वही घातली. दोघांनी आपापल्या शब्दांत, आपापल्या अक्षरात लिहायचं. बाई शुद्धलेखनसुद्धा तपासत नाहीत.

दहा वाजतात. नवरीनं साधी पिवळी सुती साडी नेसली आहे, नवरदेवानं पांढरा शर्ट. दोघं चौरंगाच्या दोन बाजूंना उभी राहतात. अंतरपाट नाही.

बाई फार थोडं बोलतात. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ज्ञानोबा निंबणकर यांचं लग्न भटजीवाचून लागलं, यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता आणि खर्च नावापुरता होता, एवढं त्या सांगतात. पुढं ओतूरला असंच लग्न लावणाऱ्यांवर गावच्या जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून दावा लावला, हेही सांगतात. चिखलाच्या पायांचा एक जण मान हलवतो. त्याला दावा कळतो.

मग त्या तसबिरीकडे बोट करतात. "जोतीरावांनी मंगलाष्टकं मराठीत रचली, कारण नवरीला कळावं आपण काय कबूल करतोय ते. त्यांच्या अष्टकांत नवरी मुकी उभी राहत नाही. ती नवऱ्याकडं हक्क मागते, शपथ घ्यायला लावते. तर आता हिला बोलू द्या."

वही उघडली जाते. नवरीचे हात थरथरतात, आवाज थरथरत नाही.

"माझा पगार माझ्या खात्यावर राहील. निम्मा मी घराला देईन. रात्रीची ड्यूटी असली म्हणून कुणी मला नोकरी सोड म्हणायचं नाही. मला राग आला तर मी दोन दिवस गप्प बसते, ही माझी खोड आहे. ती मी एका रात्रीवर आणीन."

मागून एक बाई हळूच "अगं बाई" म्हणते. ते पगाराला म्हटलेलं आहे की खोडीला, कळत नाही.

नवरदेव वाचतो. त्याचं अक्षर त्यालाच लागत नाही, तो अडखळतो.

"दुकानाची उधारी किती, देणं किती, हे मी हिला दर महिन्याला सांगीन. लपवून कर्ज काढणार नाही. ही रात्रपाळीवरनं आली की त्या सकाळी चहा-नाष्टा मी करीन. माझ्या आईला काय सांगायचं असेल तर ते मी सांगीन, हिच्या तोंडून सांगणार नाही."

शेवटच्या वाक्याला नवरदेवाची आई मान वर करते. तिनं ते आधी वाचलेलं नसावं. बाईंचं लक्ष तिच्याकडेच आहे.

"ऐकलं का सगळ्यांनी?" बाई विचारतात.

थोडे लोक पुटपुटतात.

"सासूबाई, ऐकलं का?"

"ऐकलं."

"मामा? मागं झाडाखाली बसलेले? ऐकलं का? नसेल तर पुन्हा वाचायला लावते."

"ऐकलं, ऐकलं," आता सगळा मांडव बोलतो.

मी आजवर पाहिलेल्या बहुतेक लग्नांत या क्षणी कुणालाच काही ऐकू येत नसतं. मंगलाष्टकांच्या कर्ण्याखाली दोन माणसं एकमेकांना आयुष्याचा शब्द देतात आणि हजार लोक पंगतीत जागा धरायच्या बेतात असतात. कुणीच ऐकलेलं नाही, मग पुढं मोडल्यावर कोण कुणाला आठवण देणार? इथं पन्नास माणसांनी ऐकलं आहे. ती सगळी याच पाच-सहा मैलांत राहणारी आहेत, बाजारात आणि दूध डेअरीवर रोज भेटणारी.

हार घातले जातात. अक्षतांच्या तांदळाऐवजी पाकळ्या पडतात. मग बाई दोघांना सात पावलं चालायला लावतात, प्रत्येक पावलाला मराठीत एक वाक्य. यामागं श्रद्धेइतकाच कायदा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमानं रिवाजाप्रमाणे विधी मागितला आहे, आणि जिथं सप्तपदी आहे तिथं सातव्या पावलाला लग्न पुरं होतं. तामिळनाडूनं पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांसाठी १९६७ मध्ये वेगळं कलमच घालून घेतलं. आपल्याकडे सत्यशोधक विवाहाला तसं स्वतंत्र कलम नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र असून भागत नाही, विधी झालेला असला पाहिजे. आणि त्याच निकालात हेही की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. बाईंनी त्या निकालाचं कात्रण वहीच्या शेवटच्या पानावर डकवून ठेवलं आहे.

सातवं पाऊल पडतं तेव्हा साडेदहा झालेले असतात. आजी नारळ फोडते. एका फटक्यात दोन शकलं होतात आणि ती जिंकल्यासारखी हसते.

जेवण भावकीतल्या बायकांनी केलंय: लापशी, वांग्या-बटाट्याची भाजी, चपात्या, वरणभात. नवरीचा बाप स्वतः वाढतो आहे. मी जेवताना त्याच्याकडे पाहत राहतो. थोरलीच्या लग्नात हा माणूस बसलाच नव्हता म्हणे, कुणाचा मान राहिला म्हणून हात जोडत फिरत होता. आज तो भाताचं पातेलं खाली ठेवतो आणि नवरदेवाच्या शेजारी मांडी घालून जेवायला बसतो.

दुपारी उन्हं जरा कलल्यावर बाई पिशवीत वही घालतात. "चला. खरं काम पुढं आहे."

आम्ही गावात येतो. पुणे-पंढरपूर रस्त्यावर ट्रकांची रांग आहे. आषाढात याच रस्त्यानं ज्ञानोबांची पालखी फलटण, बरड करत येते आणि रात्री नातेपुत्यात मुक्कामाला थांबते, तेव्हा गावातल्या प्रत्येक ओट्यावर कुणीतरी झोपलेलं असतं. आज ओटे तापलेले आणि रिकामे आहेत. आतल्या एका बोळात दोन खोल्यांचं घर, दारात दोन म्हशी आणि एकच मोटारसायकल. गेल्या वर्षी बाईंनी लावलेलं लग्न.

लग्न लावून देणारे बरेच असतात. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, त्यानंतर गावोगावच्या समित्यांनी पळून आलेल्या कितीतरी पोरापोरींची लग्नं ग्रामपंचायतीसमोर लावली. हार घातले, पेपरात फोटो आले. ते चांगलंच काम होतं. पण फोटोनंतर त्या दारात पुन्हा कोण गेलं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पोरींना माहेर तुटलेलं, सासर धड जोडलेलं नाही, आणि लग्न लावणारे पुढच्या लग्नाला गेलेले. बाई जातात. पहिल्या वर्षात ठरवून, नंतर सणावारी, आणि बोलावलं तर कधीही. दक्षिणा घेत नाहीत, चहा घेतात.

या घरातली मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, तिन्ही मिळून पन्नास गुणांची मैदानी परीक्षा असते. गेल्या वर्षी नवऱ्यानं वहीत लिहिलं होतं की रोज पहाटे तो तिला गाडीवर मैदानावर सोडील. बाई तेवढी ओळ शोधतात, वाचतात आणि गप्प बसतात.

मुलगा जमिनीकडे बघतो. "दिवाळीपतोर सोडत हुतो, बाई."

"मग?"

"मग ती म्हणली, नगं."

मुलीचा चेहरा लाल होतो. "मी नगं म्हणले कारण रोज तू तोंड वाकडं करत हुतास."

इथं माझ्यासारख्याला वाटतं की आता बाई समजावून सांगतील. त्या सांगत नाहीत. त्या मुलाला म्हणतात, "ती आत्ता काय म्हणाली ते तू मला सांग. तुझं उत्तर नको. तिचं म्हणणं सांग."

त्याला ते जमत नाही. तो दोनदा उत्तरच देऊ लागतो, बाई दोनदा हात वर करून थांबवतात. तिसऱ्यांदा तो म्हणतो, "ती म्हणती, मी नेत हुतो पण मनानं नेत न्हवतो."

मुलगी मान हलवते. खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी सहमत झालंय.

"आता तू. तो काय म्हणतो?"

ती बराच वेळ घेते. "त्याला पाचला डेअरीला दूध घालायला जावं लागतं. मैदान एकीकडं, डेअरी दुसरीकडं. गाडी एक. त्यानं मला हे कधी सांगितलं न्हाय, पण मला ठाऊक हाय."

"ठाऊक हुतं तर बोलली का न्हाईस?" मुलगा विचारतो. आवाजात राग नाही.

अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाचे मानसशास्त्रज्ञ नवविवाहित जोडप्यांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपत बसले. एकानं सहज काही म्हणावं, खिडकीबाहेरचा पक्षी दाखवावा, आणि दुसऱ्यानं त्याला ओ द्यावी की न द्यावी, हेही ते मोजत होते. सहा वर्षांनी जी जोडपी एकत्र होती ती शंभरात शहाऐंशी वेळा ओ देत होती. जी वेगळी झाली ती तेहतीस वेळा. बाईंनी हे कुठं वाचलंय का, मी विचारलेलं नाही. पण इतका वेळ त्या ज्याच्यामागं लागल्या आहेत ते हेच आहे: पहाटेची गाडी, वाकडं झालेलं तोंड, न सांगितलेली डेअरी.

सासू इतका वेळ दारात बसून शेंगा फोडते आहे. ती तिथूनच बोलते, कुणाकडेही न बघता.

"सकाळचं दूध शेजारचा दत्ता नेईल की. त्येचं बी जातंय डेअरीला. त्येला सांगायला काय तोंड दुखतंय?"

मुलगा आईकडे बघतो. "तू आधी का न्हाय बोललीस?"

"मला कुणी इचारलं?"

बाई वही तिच्यापुढं नेतात. "मावशी, हे लिहू का? तुमच्या नावावर?"

"लिवा."

बाई जुन्या ओळीखाली तारीख घालतात आणि लिहितात: सकाळचं दूध शेजाऱ्याबरोबर जाईल, गाडी मैदानावर जाईल, ही व्यवस्था आईनं लावली. मुलगा सही करतो, मुलगी करते. सासू शेंगांची माती पदराला पुसते, पेन धरते आणि एकेक अक्षर काढत आपलं पूर्ण नाव लिहिते. बाई तिला घाई करत नाहीत.

यातून सगळं सुटलंय असं मला वाटत नाही. मुलगी भरतीत निवडली गेली आणि प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली तर या घरात काय होईल, ते वहीत नाही. बाईंनी निघताना तोच प्रश्न ठेवला आहे, उत्तर मागितलेलं नाही. "पुढच्या खेपेला यावर बोलू. दोघं आधी आपापसांत बोला, मी आल्यावर पहिल्यांदा नको."

"कधी येणार, बाई?" मुलगी विचारते.

"पालखी पुढं गेली की."

बाहेर बोळात आल्यावर बाई पिशवीतून एक फाइल काढतात. सकाळच्या लग्नाचं विवाह नोंदणीचं ज्ञापन. १९९८ च्या राज्याच्या कायद्यानं नव्वद दिवसांत ते नगरपंचायतीत द्यायचं असतं. नवरा, नवरी, लग्न लावणारा आणि तीन साक्षीदार, सगळ्यांच्या सह्या लागतात. शंभर रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला आहे. बाईंची सही झाली आहे. साक्षीदारांच्या रकान्यात पहिली सही नवरीच्या मामाची, दुसरी नवरदेवाच्या आईची.

"आईची?" मी विचारतो.

"मीच मागितली. तिनं ऐकलंय ना, 'आईला सांगायचं ते मी सांगीन' हे. उद्या घरात तसं झालं नाही तर ती काय म्हणेल? ऐकलं नव्हतं, असं तर म्हणणार नाही." बाई फाइल माझ्यासमोर धरतात. तिसरा रकाना कोरा आहे. "तुम्ही होतात तिथं. ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग करा. पत्ता नीट लिहा, आधारची प्रत उद्या पाठवा."

मी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सही करतो. बाई ती निरखून बघतात, फुंकर घालून शाई वाळवतात आणि फाइल बंद करतात.

"आषाढानंतर या मोटारवाल्याकडं जायचंय. रविवारी रात्री नवरीला ड्यूटी असते, सोमवारी जाऊ. सकाळी लवकर या, म्हणजे नाष्टा कोण करतंय ते बघता येईल."